सरकारी कंत्राटातली लबाडी उघड करायची तर आधी कोणाकडे जायचं? संरक्षण आणि बक्षीस, दोन्हीबद्दल

पाणकळा
नमस्कार मंडळी. अमेरिकेत सरकारी कंत्राटांवर काम करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

मी उत्तर व्हर्जिनियात एका मध्यम आकाराच्या कंपनीत आहे. आमच्याकडे सरकारची दोन कामं आहेत. एक ठरलेल्या रकमेचं, म्हणजे कितीही तास लागले तरी पैसे तेवढेच. दुसरं असं की जेवढा खर्च होईल तेवढा सरकार भरून देतं आणि वर फी. पहिलं काम रखडलंय. मॅनेजर गेले काही महिने टीमला सांगतोय की या कामाचे तास टाइमशीटवर दुसऱ्या कामाच्या चार्ज कोडवर टाका. लेखी कधीच नाही. कॉलवर, नाहीतर डेस्कपाशी येऊन. मी एकदा तास खऱ्या कोडवर टाकले तर टाइमशीट परत आली, 'कोड तपासून पुन्हा सादर करा' एवढाच शेरा.

ही सरकारची फसवणूक आहे ना? असेल तर कुठे सांगायचं: कंपनीच्या एथिक्स हॉटलाइनला, खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलला (म्हणजे खात्यातले गैरप्रकार तपासणारा अधिकारी), की थेट वकिलाकडे? कोणीतरी म्हणालं की अशी माहिती देणाऱ्याला वसुलीतला हिस्सा मिळतो. ते खरं आहे का? घर चालतं ते माझ्या पगारावर, त्यामुळे नोकरीची काळजी आहेच. पण दर आठवड्याला त्या टाइमशीटवर सही करणं मला आता जमत नाहीये.

(संपादित: रानवारा यांच्या सांगण्यावरून दोन्ही खात्यांची नावं आणि कामाचं वर्णन काढलं.)

रानवारा
ताई, बाकी सगळं नंतर. आधी खात्यांची नावं काढा, आत्ता लगेच. तुमच्या कंपनीतलं कोणीही मराठी माणूस हे वाचून तुम्हाला ओळखेल.

अक्षरगंध
रानवारा यांना जोरदार अनुमोदन, आणि त्याला कायद्याचंही कारण आहे. माहिती आधीच जगजाहीर असेल तर नंतरचा खटला अडकू शकतो. वेबसाइटवरचा मजकूरसुद्धा काही न्यायालयांनी 'न्यूज मीडिया'त धरला आहे. नावं काढलीत हे बरं केलंत.

मी वकील आहे, पण या प्रकारचे खटले चालवत नाही. त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. कायद्याचं नाव फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट. १८६३ सालचा, लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात कंत्राटदार सैन्याला आजारी खेचरं, बिघडलेल्या बंदुका आणि कुजकं रेशन विकत होते. सरकारला प्रत्येक गोदाम तपासणं शक्य नव्हतं, म्हणून ज्याला आतली माहिती आहे त्यानेच सरकारच्या वतीने खटला भरावा आणि वसुलीत वाटा घ्यावा, अशी सोय केली. याला क्वी टॅम खटला म्हणतात आणि भरणाऱ्याला रिलेटर. १९४३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा कायदा पार बोथट करून टाकला. १९८६ मध्ये सिनेटर ग्रासली आणि प्रतिनिधी बर्मन यांनी त्याला पुन्हा धार लावली. आज चालतो तो मुख्यतः १९८६ नंतरचा कायदा.

दोषी ठरल्यास नुकसानीच्या तिप्पट रक्कम, शिवाय प्रत्येक खोट्या बिलामागे साधारण १४ हजार ते २८ हजार डॉलर दंड. सरकार स्वतः खटल्यात उतरलं तर रिलेटरला वसुलीच्या १५ ते २५ टक्के. सरकार उतरलं नाही आणि रिलेटरने स्वतःच्या बळावर लढून जिंकलं तर २५ ते ३० टक्के.

इन्स्पेक्टर जनरलच्या हॉटलाइनला फोन केला तर चौकशी होऊ शकते, पण या कायद्याखालचं बक्षीस त्यातून मिळत नाही. हिस्सा हवा असेल तर खटला दाखल करावाच लागतो. आणि एकाच लबाडीवर पहिला दाखल करणाराच पात्र, मागाहून येणाऱ्याचा खटला उभा राहत नाही. तुमच्या टीममध्ये हे बघणाऱ्या तुम्ही एकट्या नसणार, हेही ध्यानात घ्या.

जुनाजाणता
निवृत्त आहे. हयात सरकारी कंत्राटांच्या हिशेब तपासणीत गेली, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो: हो, ही फसवणूक आहे. ठरलेल्या रकमेच्या कामातला तोटा खर्चाच्या कामावर ढकलणं ही या धंद्यातली जुनी आणि अगदी नेहमीची चलाखी. बाहेरून दिसत नाही, कारण माणसं खरी, त्यांनी केलेले तास खरे, पगारही खरा. खोटा असतो तो फक्त कोड.

म्हणून तर संरक्षण खात्याचे ऑडिटर न कळवता येऊन 'फ्लोअर चेक' करतात. म्हणजे थेट तुमच्या टेबलापाशी येऊन विचारतात, आत्ता कशावर काम करताय, कोणत्या कोडवर टाकताय, कोड कोणी दिला, टाइमशीट रोज भरता की शुक्रवारी एकदम? माणूस अडखळला की आम्ही समजायचो, इथे खणायला हवं. टाइमशीटमधल्या दुरुस्तीचाही माग राहतो: मूळ नोंद काय होती, कोणी बदलली, कधी, का. पाणकळा, तुमची टाइमशीट परत आली आणि मग कोड बदलला गेला, त्याची नोंद बहुधा सिस्टिममध्ये पडून आहे. तुम्ही समजता त्यापेक्षा पुरावा जास्त आहे.

सडेतोड
मला यातलं बक्षिसाचं काही पटत नाही. चूक दिसली तर सांगणं हे कर्तव्य. त्याचे लाखो डॉलर घ्यायचे, तेही ज्या कंपनीचं मीठ खाल्लं तिच्याकडून? शिवाय लोक लबाडी दिसल्यावर लगेच थांबवण्याऐवजी रक्कम फुगण्याची वाट बघत बसतील.

तळटीप
सडेतोड, मीठ सरकारचं आहे, म्हणजे करदात्यांचं, म्हणजे तुमचं-माझंच. :)

गिरिजा_कट्टा
सडेतोड यांच्या शेवटच्या वाक्यात मात्र तथ्य आहे. मी एका कंत्राटदार कंपनीत कंप्लायन्स बघते, तेव्हा नाण्याची दुसरी बाजू मांडते.

प्रत्येक कंपनी चोर नसते. पुष्कळदा एखादा मॅनेजर स्वतःचा बोनस वाचवायला हे करतो आणि वरच्यांना पत्ताही नसतो. मोठ्या कंत्राटांमध्ये २००८ पासून अटच आहे की फसवणुकीचा विश्वासार्ह पुरावा हाती आला तर कंपनीने स्वतः सरकारला लेखी कळवायचं. दडपून ठेवलं तर काळ्या यादीत जायची पाळी येते. आमच्याकडे अशी तक्रार आली की आम्ही खरोखर कामाला लागतो. टाइमशीटचं ऑडिट होतं, पैसे सरकारला परत जातात, माणूस जातो. मी हे होताना पाहिलंय. त्यामुळे 'आधी वकील, कंपनीला काहीच सांगू नका' हा सल्ला सरसकट देऊ नये असं मला वाटतं.

नीरक्षीर
गिरिजा, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक कंपनीत असती तर बरं झालं असतं. आमचा अनुभव वेगळा आहे. पहिल्यांदाच एवढं सविस्तर लिहितेय.

माझ्या नवऱ्याने असंच केलं होतं. एका कंत्राटात चाचण्या न करता अहवालावर 'उत्तीर्ण' लिहिलं जात होतं. तो भाबडेपणाने आधी वरिष्ठांकडे गेला, मग एथिक्स हॉटलाइनला फोन केला. निनावी. पण ती चाचणी बघणारी माणसं होती मोजकीच, कोण बोललं हे कळायला कितीसा वेळ लागणार? आधी त्याला मीटिंगना बोलावणं बंद झालं. मग ज्या कामात सगळे त्याला विचारायला यायचे त्याच कामात त्याचा वार्षिक शेरा खराब आला. मग एके दिवशी 'पुनर्रचना'.

वकील केला तो त्यानंतर. खटला दाखल झाला, सीलखाली. सील म्हणजे खटला गुप्त राहतो, कंपनीलासुद्धा कळवत नाहीत. कायद्यात ६० दिवस लिहिलेत, पण सरकार मुदतवाढ मागत राहतं आणि न्यायालय देत राहतं. आम्ही वर्षानुवर्षं कोणाला काही सांगू शकलो नाही. दिवाळीच्या फराळाला त्याच कंपनीतलं एक जोडपं आमच्याकडे यायचं. ती वहिनी चकली खाता खाता विचारायची, 'भावजींनी नोकरी का हो सोडली?' आणि मी चहा आणते म्हणून आत जायची. सासूबाईंनाही खरं कारण माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं मुलाचं कामात लक्ष नव्हतं. हे त्याला सगळ्यात लागलं.

शेवटी सरकारने खटल्यात उतरायला नकार दिला. वकिलांनी हिशेब मांडला आणि सांगितलं की एकट्याने लढणं परवडणारं नाही. खटला मागे घेतला. बक्षीस शून्य. नोकरीवरून काढल्याबद्दलचा दावा मात्र वेगळा होता आणि तो तडजोडीत मिटला. त्यातून मधल्या काळातलं कर्ज फिटलं.

नवऱ्याला पश्चात्ताप नाही. मलाही नाही. पण ज्यांना बातमीतले कोटी कोटी डॉलर दिसतात त्यांनी हेही वाचावं, म्हणून लिहिलं.

रानवारा
नीरक्षीर, वाचून गलबलून आलं. तुमच्या नवऱ्याला मनापासून नमस्कार सांगा.

अक्षरगंध
नीरक्षीर, लिहिल्याबद्दल खूप आभार. तुमच्या प्रतिसादात एक फार कळीची गोष्ट आहे: बक्षीस आणि संरक्षण हे दोन वेगळे हक्क आहेत. मुख्य खटला पडला तरी सूडाबद्दलचा दावा जगू शकतो.

फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टमध्येच ती तरतूद आहे. फसवणूक थांबवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांमुळे काढलं, पदावनती केली, छळलं, तर पूर्वीच्याच पदावर परत घेणं, बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम व्याजासह, इतर नुकसानभरपाई आणि वकिलाची फी. मुदत तीन वर्षं. आत तक्रार करणाऱ्यालाही हे संरक्षण मिळू शकतं, त्यासाठी खटला भरलेला असायलाच हवा असं नाही.

दुसरा मार्ग कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या खास कायद्यांचा. संरक्षण खाते आणि नासाच्या कंत्राटांना एक, बाकी खात्यांना दुसरा. यात तक्रार खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे करायची, मुदत इथेही तीन वर्षं. ते १८० दिवसांत चौकशी करतात. २१० दिवसांत खात्याने आदेश दिला नाही किंवा दाद नाकारली तर थेट संघीय न्यायालयात जाता येतं. यात बक्षीस नाही, फक्त संरक्षण. उपकंत्राटदाराचे कर्मचारीही यात येतात.

पण या दुसऱ्या मार्गात संरक्षण कोणाला सांगितल्यावर मिळतं त्याची यादी ठरलेली आहे: काँग्रेसचा सदस्य, इन्स्पेक्टर जनरल, जीएओ (संसदेची हिशेब तपासणारी संस्था), कंत्राटावर देखरेख करणारा सरकारी अधिकारी, न्याय खातं, न्यायालय, आणि कंपनीतला असा माणूस ज्याच्याकडे गैरप्रकार तपासण्याची जबाबदारी आहे. पत्रकार त्या यादीत नाहीत. आणि आपल्यासारखी मंडळी तर नाहीतच.

चिंचोके
एच-वन-बी वाल्यांचं काय? मी एका राज्य सरकारच्या मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना) सिस्टिमवर काम करतो, तिसऱ्या थरातल्या कंपनीमार्फत. आमच्याकडेही रेझ्युमेवरचा अनुभव फुगवून सीनियरचा दर लावतात. मी बोललो आणि नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर चला. कायद्यातला दुप्पट पगार मला काय कामाचा?

अक्षरगंध
चिंचोके, रिलेटर व्हायला नागरिकत्वाची अट नाही. देशाबाहेर राहूनही खटला चालवता येतो. मेडिकेडमध्ये केंद्राचे पैसे असतात, त्यामुळे तुमचं प्रकरण या कायद्यात बसू शकतं, शिवाय बऱ्याच राज्यांचे स्वतःचे फॉल्स क्लेम्स कायदे आहेत. पण ६० दिवसांचा फास खरा आहे, तो कोणताही वकील सोडवून देणार नाही. तुमच्या बाबतीत क्रम उलटा ठेवा: आधी शांतपणे दुसरी नोकरी बघून व्हिसा तिकडे न्या, मग वकिलाकडे. नोकरी बदलल्याने रिलेटरचा हक्क जात नाही. फसवणूक झाल्यापासून साधारण सहा वर्षांची मुदत असते. अर्थात तोवर दुसऱ्या कोणी दाखल केलं तर संधी गेली, हा धोका राहतोच.

वाटसरू_एमडी
आपल्या लोकांचं उदाहरण हवं तर दिनेश ठाकूर. रॅनबॅक्सीत होते, औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी खोटी असल्याचं त्यांनी उघड केलं. नोकरी सोडली २००५ मध्ये, खटला २००७ मध्ये, निकाल लागला २०१३ मध्ये. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरले. ठाकूरांना मिळाले सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर. औषधं सरकारी आरोग्य योजनांच्या पैशाने विकत घेतली जात होती, म्हणून हाच कायदा लागू झाला.

कंत्राटातलं अलीकडचं मोठं प्रकरण बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या सल्लागार कंपनीचं. आरोप तुमच्याशी मिळताजुळता, पाणकळा: आपल्या व्यापारी आणि परदेशातल्या कामांचा खर्च सरकारी कंत्राटांवर टाकला. २०२३ मध्ये त्यांनी ३७ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली, जबाबदारी मात्र मान्य केली नाही. खटला भरला होता त्यांच्याच एका माजी कर्मचारी बाईंनी, २०१६ मध्ये. वाटा सुमारे ७ कोटी डॉलर.

सडेतोड
सात कोटी! हेच म्हणतोय मी. नीरक्षीर यांच्या नवऱ्याला शून्य आणि इथे सात कोटी. ही लॉटरी झाली.

जुनाजाणता
सडेतोड, लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याची नोकरी जात नाही.

एक उदाहरण सांगतो, मग ठरवा. झायलॉन नावाच्या धाग्याची बुलेटप्रूफ जाकिटं पोलिसांना विकली गेली, सरकारी पैशातून. तो धागा उष्णतेने आणि दमटपणाने कमजोर होत होता. जाकीट बनवणाऱ्या कंपनीतल्या संशोधन प्रमुखाने, अ‍ॅरन वेस्ट्रिक यांनी, हे वरिष्ठांना सांगितलं. विक्री चालूच राहिली. त्यांनी २००४ मध्ये खटला भरला. धागा बनवणाऱ्या टोयोबो या जपानी कंपनीने ६ कोटी ६० लाख डॉलर भरले ते २०१८ मध्ये. वेस्ट्रिक यांना ५७ लाख ७५ हजार मिळाले. एवढी वर्षं तो माणूस त्याच्या व्यवसायात 'कंपनीवर उलटलेला' म्हणून वावरला. कोणी कर्तव्य म्हणून फुकट बोलेल अशी वाट बघत बसलो तर ती जाकिटं अजून पोलिसांच्या अंगावर असती. बक्षीस हे चांगुलपणाचं मोल नाही. माणूस जे गमावतो त्याची थोडीफार भरपाई आहे ती.

आणि वाट बघत बसण्याबद्दल म्हणाल तर पहिला येणारा पात्र, हा नियम त्यासाठीच आहे. रक्कम फुगण्याची वाट बघणारा दुसऱ्याला संधी देतो.

सडेतोड
जाकिटांचं प्रकरण माहीत नव्हतं. त्याबाबत तुमचं म्हणणं मान्य. टाइमशीटच्या कोडला आणि जाकिटाला एकाच तागडीत तोलावं का, ही शंका आहेच.

सुगरणखोपा
भारतातून वाचतेय. आपल्याकडे असं काही आहे का हो? म्हणजे कंत्राटदाराची लबाडी दाखवून वाटा मिळणं?

तळटीप
नाही. कर आणि कस्टम्सच्या खबरीसाठी बक्षिसं आहेत, पण नागरिकाने सरकारच्या वतीने कंत्राटदारावर खटला भरून हिस्सा घ्यावा अशी सोय नाही. सुवर्ण चतुर्भुज महामार्गातला गैरव्यवहार कळवणारे इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांनी पंतप्रधान कार्यालयाला नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती. ते पत्र नावासकट फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ चा ठराव आला, केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारीची सोय झाली. २०१४ मध्ये संसदेने संरक्षणाचा कायदाही केला, पण तो लागू करणारी अधिसूचनाच निघाली नाही. यावर वेगळा धागा काढायला हवा, इथे नको.

पाणकळा
सगळ्यांचे खूप आभार. नीरक्षीर, तुमचा प्रतिसाद रात्री पुन्हा पुन्हा वाचला.

काही प्रश्न. पुरावा म्हणून काय ठेवू? कंपनीच्या लॅपटॉपवरून फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू का? मॅनेजरचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करू का? आणि मी स्वतः त्या टाइमशीटवर सह्या केल्यात, त्याचं काय?

अक्षरगंध
मेलवर फाइली पाठवू नका. कंपनी सगळ्यात आधी तेच बघते आणि मग विषय लबाडीचा न राहता तुमच्या 'डेटाचोरी'चा होतो. कामाच्या ओघात जे कागद रीतसर तुमच्यासमोर येतात आणि ज्यांचा या फसवणुकीशी थेट संबंध आहे, तेवढ्यांबद्दल न्यायालयं बरीच समजूतदार असतात. सरसकट सगळा फोल्डर उचललेला त्यांना चालत नाही. कंपनीच्या वकिलांशी झालेला पत्रव्यवहार आणि गोपनीय वर्गीकरणाचे कागद यांना हातही लावू नका. काय घ्यायचं ते वकिलाला विचारूनच.

रेकॉर्डिंग: व्हर्जिनियात संभाषणातल्या एकाची संमती पुरते, म्हणजे तुमची स्वतःची. नदीपलीकडे मेरीलँडमध्ये सगळ्यांची लागते, नसेल तर तो गुन्हा. मॅनेजर मेरीलँडमधून घरून कॉलवर असला तर? म्हणून विचारल्याशिवाय करू नका. त्यापेक्षा घरी एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, शक्य तितकं त्याच्याच शब्दांत, त्या दिवशी काम कशावर केलं आणि कोड कोणता टाकायला लावला. त्याच दिवशी लिहा.

सह्यांबद्दल: ज्याने फसवणूक आखली आणि सुरू केली त्याचा वाटा न्यायालय कमी करू शकतं, आणि त्यात गुन्हेगार ठरला तर वाटा शून्य. दबावाखाली सही करणारी कर्मचारी त्या व्याख्येत सहसा येत नाही. पण हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, काहीही न लपवता. आणि कंपनीच्या गुप्ततेच्या कराराला घाबरू नका. सरकारकडे फसवणुकीची तक्रार करण्यापासून तो करार तुम्हाला रोखू शकत नाही. तशी अट घालणाऱ्या कंपनीला कंत्राट देण्यावरच बंदी आहे.

वाटसरू_एमडी
सरकारने नकार दिला म्हणजे सगळं संपलं असंही नाही, नीरक्षीर यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. एरोजेट रॉकेटडाइन या रॉकेट इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत सायबरसुरक्षा बघणाऱ्या ब्रायन मार्कस यांचं म्हणणं होतं की कंपनी सुरक्षेच्या अटी पाळत नसतानाही सरकारकडून कंत्राटं घेत होती. सरकारने २०१८ मध्ये उतरायला नकार दिला. ते लढत राहिले. २०२२ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने तडजोड केली, ९० लाख डॉलर. मार्कस यांना २६ लाख १० हजार मिळाले.

नीरक्षीर
वाटसरू, बरोबर आहे. तेवढा दम आमच्याकडे नव्हता, आणि आमच्या वकिलांकडेही नव्हता. म्हणून पाणकळाताईंना सांगेन, वकील निवडताना हे विचाराच: सरकारने नकार दिला तर तुम्ही पुढे लढाल का? आधी असे किती खटले एकट्याने चालवलेत?

गिरिजा_कट्टा
पैशाचा हिशेबही वास्तवात बघा. समजा नुकसान १० लाख डॉलरचं. कायदा तिप्पट म्हणतो, पण तडजोड बहुतेक वेळा दुपटीच्या आसपास होते. धरा २० लाख. त्यातले १८ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार. वकील निकालावर फी घेतो, समजा ४० टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार गेले. हातात २ लाख १६ हजार, त्यावर नेहमीच्या उत्पन्नासारखा कर. निदान वकिलाच्या फीची वजावट मिळते. एवढ्यासाठी काही वर्षं थांबायचं. करू नका असं म्हणत नाही, पण घराच्या हप्त्याचं गणित यावर बसवू नका.

तळटीप
फ्लोरिडातला निकाल कोणीच काढला नाही? सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एका संघीय न्यायाधीशांनी क्वी टॅमची तरतूदच घटनाबाह्य ठरवली होती ना?

अक्षरगंध
ठरवली. त्याविरुद्ध अपील ११व्या सर्किटकडे (सर्किट म्हणजे ठरावीक राज्यांसाठीचं संघीय अपील न्यायालय) गेलं. व्हर्जिनिया चौथ्या सर्किटमध्ये येतं, तिथे तो निकाल बंधनकारक नाही आणि याआधी अनेक अपील न्यायालयांनी ही तरतूद वैध धरली आहे. खटले थांबलेले नाहीत. २०२४ च्या आर्थिक वर्षात ९७९ क्वी टॅम खटले दाखल झाले, तोवरचा उच्चांक. त्या वर्षीच्या २.९ अब्ज डॉलरच्या वसुलीतले २.४ अब्ज अशाच खटल्यांमधून आले. पण हा मुद्दाही वकिलाला विचारायच्या यादीत ठेवा.

मूळ प्रश्नावर येतो, आधी कुठे जायचं. गिरिजा म्हणतात तसं आत सांगणं चुकीचं नाही. पण आत सांगितल्या क्षणापासून तुमच्यावर नजर असते. तेव्हा आधी वकिलाची एक भेट घ्या, पहिला सल्ला बहुतेक जण फुकट देतात, आणि मग आत सांगायचं की नाही, कोणाला, कोणत्या शब्दांत, ते ठरवा. हा खटला वकिलाशिवाय चालवता येतच नाही. दावा सरकारचा असतो, त्यामुळे न्यायालयं रिलेटरला स्वतःची वकिली करू देत नाहीत.

गिरिजा_कट्टा
हा क्रम मलाही मान्य आहे. आत सांगायचं ठरलं तर तोंडी नको, लेखी, आणि 'सरकारला चुकीचं बिल जातंय' हे शब्द त्यात स्पष्ट असू द्या. 'कोडबद्दल गोंधळ आहे' असं गुळमुळीत लिहिलं तर उद्या कंपनी म्हणेल, हिने तक्रार केलीच कुठे?

चिंचोके
आणि राजीनामा द्यायचा झाला तर? माझ्या मित्राला निघताना तीन महिन्यांचा पगार दिला आणि सगळे दावे सोडल्याच्या कागदावर सही घेतली.

अक्षरगंध
वकिलाला दाखवल्याशिवाय तो कागद सही करू नये. सरकारला फसवणूक माहीतच नसताना घेतलेली अशी सोडचिठ्ठी क्वी टॅमच्या आड बहुधा येत नाही. पण सरकारला आधीच माहीत असेल तर येऊ शकते. आणि सूडाबद्दलचा स्वतःचा दावा मात्र तुम्ही त्या सहीने खरोखर गमावू शकता.

पाणकळा
वकिलाची वेळ घेतली आहे, पुढच्या आठवड्यातली. वही कालपासून सुरू केली.

पण आजच नवीन अडचण आली. वार्षिक एथिक्स फॉर्म आलाय. त्यात एक ओळ आहे: 'मला कोणत्याही गैरप्रकाराची माहिती नाही.' सही करायची शेवटची तारीख वकिलाच्या भेटीच्या आधीची आहे.

गिरिजा_कट्टा
सही करू नका. तीच सही उद्या तुमच्यासमोर ठेवतील. आणि घाईघाईत त्या फॉर्मच्या रकान्यात सगळं लिहूनही टाकू नका. आमच्याकडे मुदतवाढ मागितली की मिळते, बहुतेक ठिकाणी मिळते. 'फॉर्म नीट वाचायला वेळ हवा' एवढंच कळवा, बाकी कारण देण्याची गरज नाही. आणि वकिलांच्या ऑफिसला आजच फोन करून सांगा की ही तारीख आहे. अशा कारणासाठी ते भेट अलीकडे घेतात.

पाणकळा
फोन केला. परवा सकाळी बोलावलंय. इथे यापुढे काही लिहिणार नाही, राग मानू नका.

रानवारा
राग कसला, ताई. हेच योग्य. संपादक मंडळ, धागा वाचनमात्र करता येईल का?